रेशनचे धान्य ताटापर्यंत : मुंबईच्या वस्त्यांतील बायकांनी घालून दिलेला धडा

दवाखान्यात रक्त तपासतात. हिमोग्लोबिन कमी निघते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि जाता जाता सांगतात, "ताई, जरा चांगलं खात जा." ताई मान हलवते आणि घरी येते. चांगले म्हणजे नेमके काय, ते कुठून आणायचे आणि कोणत्या पैशांतून आणायचे, हे मात्र तिला कोणी सांगत नाही.

ही गोष्ट एका ताईची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील १०० बालकांपैकी सुमारे ६९ जणांची तीच अवस्था होती. पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी राहिलेली होती. ही केवळ दुष्काळी गावांची आकडेवारी नाही. यात शहरेही आहेत, जिथे रात्री अकरा वाजताही भाजीची गाडी उभी असते आणि किराणा दुकान भरलेले असते.

मग शहरात अन्न असून ते आपल्या ताटात का येत नाही? आम्हांला वाटते, हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत सुटणारा नाही. तो रेशन दुकानाच्या रांगेत, वाण्याच्या वहीत आणि वस्तीच्या बैठकीत सुटतो. मुंबईतील कष्टकरी बायकांनी गेल्या पन्नास वर्षांत तो आपल्या परीने सोडवून दाखवला आहे. आजचा पाठ त्यांच्याकडून शिकायचा आहे.

मुंबईने काय काय केले

मुंबईत रेशनिंग सुरू झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये. धान्याची टंचाई होती, साठेबाजी होती. सरकारने कार्डे दिली आणि ठरलेले धान्य ठरलेल्या दरात देण्याची जबाबदारी घेतली. तेव्हापासून रेशनचे दुकान हा या शहरातील गरिबाचा आधार बनला. परंतु दुकान असणे आणि धान्य मिळणे यांत अंतर असते, हेही तेव्हापासूनच लोकांना कळत गेले.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. तेल, साखर, डाळ, रॉकेल यांचे भाव चढले आणि माल बाजारातून गायब झाला. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्या त्यात होत्या. पण मोर्चात चालल्या त्या हजारो गृहिणी आणि कामकरी बायका. त्यांच्या हातात लाटणी होती, थाळ्या होत्या. म्हणून तो लाटणे मोर्चा म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. स्वयंपाकघर हे राजकारणाबाहेरचे ठिकाण नाही, ही गोष्ट त्या बायकांनी रस्त्यावर येऊन सांगितली.

त्याच काळात गिरणगावात दुसरे काम चालू होते. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एका खोलीत पंधरा-वीस जण राहत आणि खानावळीत जेवत. ही खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. ती दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी एक बाई असे. ती पहाटे उठून पाळीप्रमाणे डबे करी. महिनाभर उधारीवर जेवू घाली, पगाराच्या दिवशी पैसे घेई. मधल्या काळात धान्य आणायला ती सावकाराकडून किंवा वाण्याकडून चढ्या व्याजाने पैसे उचलत असे. हजारो कामगारांचे पोट तिच्यावर चालत होते, पण बँकेच्या दारात तिला कोणी उभे करत नव्हते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गटाने एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवले. सुरुवात १४ बायकांपासून झाली, प्रत्येकीला १,५०० रुपये. सावकाराचे व्याज सुटले की तोच पैसा ताटात येतो, हा हिशेब त्यांनी करून दाखवला.

तिसरे काम आपल्याला सर्वांत जवळचे आहे. १९९० च्या दशकात मुंबईतील अनेक वस्त्यांतील संघटना रेशनिंग कृती समिती या नावाने एकत्र आल्या. तक्रारी सगळीकडे सारख्याच होत्या. दुकान अर्धा महिना बंद, माल संपला असे उत्तर, वजनात मार, आणि चांगला गहू मागच्या दाराने बाजारात. एकटी बाई भांडली की दुकानदार तिलाच दटावी. म्हणून बायकांनी दुकानागणिक पाच-पाच जणींचे गट केले. माल कधी आला, किती आला, कोणत्या भावाने विकला, कसा होता, याची नोंद त्या ठेवू लागल्या. दुकानात भावफलक लावा, धान्याचा नमुना दिसेल असा ठेवा, असा आग्रह त्यांनी धरला. काही काळ शिधावाटप खात्यातील अधिकाऱ्यांची साथही त्यांना मिळाली. ती साथ सुटली तेव्हा काम अवघड झाले. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, नोंद ठेवणाऱ्या पाच बायकांना टाळणे कोणत्याही दुकानदाराला जड जाते. दुसरी, एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याच्या भरवशावर उभे राहिलेले काम त्याच्या बदलीबरोबर जाते. ते हक्काच्या भरवशावर उभे राहिले पाहिजे.

आता हक्क कायद्यात आहे

रेशनिंग कृती समितीच्या बायकांकडे तो आधार नव्हता. आज तो आहे. २०१३ मध्ये संसदेने राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा केला आणि २०१४ च्या फेब्रुवारीपासून तो महाराष्ट्रात लागू झाला. या कायद्याने काय दिले ते नीट समजून घेऊ.

प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळाले पाहिजे. घरात पाच नावे असतील तर २५ किलो. अंत्योदय कार्ड असेल तर माणसे कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षांसाठी मोफतच ठेवण्यात आले. तेव्हा या धान्याचे पैसे कोणी मागत असेल तर ते देऊ नका.

कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव असावे, असे हा कायदा सांगतो. आपल्या कार्डावर कोणाचे नाव आहे, ते आजच काढून पाहा.

ठरलेले धान्य मिळाले नाही तर त्याबदली पैशांच्या रूपात अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. रेशन व्यवस्थेची कागदपत्रे लोकांना पाहण्यासाठी खुली असली पाहिजेत, असेही त्यात लिहिले आहे. आणि दक्षता समित्या नेमल्या पाहिजेत, त्यांत स्त्रिया, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि निराधार यांना योग्य प्रतिनिधित्व दिले पाहिजे, हे तर कलमच आहे. म्हणजे नव्वदच्या दशकात मुंबईच्या बायकांनी स्वतःच्या हिमतीवर जे केले, ते आज कायद्याच्या भाषेत उतरले आहे. त्यांच्याकडे कायदा नव्हता, पण गट होता. आपल्याकडे कायदा आहे, पण बहुतेक वस्त्यांत गट नाही.

पाच किलोत काय होते आणि काय होत नाही

आता आरोग्याचा हिशेब मांडू. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम धान्य. त्यातून सुमारे ५८० कॅलरी मिळतात. धुणीभांडी, झाडलोट, बिगारी किंवा शिलाईचे काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी लागतात. म्हणजे रेशनमधून गरजेच्या पावपेक्षा थोडे जास्त मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरीच्या ताटासाठी दिवसाला २५० ग्रॅम तृणधान्य सुचवले आहे. ते महिन्याला साडेसात किलो होते. रेशनने त्यातले दोन तृतीयांश भागते. हे थोडे नाही. जे घर हे धान्य सोडून देते ते दर महिन्याला हजार-बाराशे रुपयांवर पाणी सोडते, कारण पाच जणांच्या घराला २५ किलो धान्य बाजारातून आणायचे तर तेवढे पैसे सहज जातात.

पण शरीर नुसत्या धान्यावर चालत नाही. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. प्रथिने म्हणजे अंगातील मांस, रक्त आणि रोगाशी लढण्याची ताकद घडवणारा भाग. रेशनच्या रोजच्या धान्यात ती साधारण १५ ग्रॅम असतात. उरलेली ३१ ग्रॅम कुठून येणार? बहुतेक घरांत ती येतच नाहीत. ताटात भात मोठा आणि वरण पातळ होत जाते. पोट भरते, पण अंगाला लागत नाही. वर्षानुवर्षे हेच चालले की बाईचे रक्त कमी होते, मूल वाढत नाही, आणि नुसत्या भात-पोळीवर राहिलेल्या मोठ्या माणसाला चाळिशीत मधुमेह गाठतो.

हा खड्डा महागड्या डब्यातल्या पावडरीने भरायचा नाही. एका बाईचा एका दिवसाचा हिशेब पाहा :

रेशनचे धान्य, १६५ ग्रॅम : १५ ग्रॅम प्रथिने.
बाजारातून आणलेली ज्वारी किंवा बाजरी, ८० ग्रॅम : सुमारे ८ ग्रॅम.
डाळ किंवा कडधान्य, कोरडे ६० ग्रॅम, म्हणजे दोन मुठी : सुमारे १३ ग्रॅम.
एक अंडे : ६ ग्रॅम.
शेंगदाणे, २० ग्रॅम : सुमारे ५ ग्रॅम.

बेरीज ४७ झाली. अंडे खायचे नसेल तर त्याऐवजी भिजवलेले सोयाबीन किंवा सोयाच्या वड्या घ्या. कोरड्या ५० ग्रॅम वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकातले सुकट, बोंबील, वजडी, कलेजी हे पदार्थ स्वस्त आणि कसदार आहेत. शेजारी काय म्हणतील म्हणून ते सोडण्याचे काहीच कारण नाही. कलेजीत लोह भरपूर असते. सुक्या मासळीत मीठ जास्त असते, म्हणून ती दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या आणि रक्तदाब असलेल्यांनी बेताने खा.

डाळ आणि धान्य एकत्र खाल्ले तर दोघांतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून भाताबरोबर घट्ट वरण, भाकरीबरोबर मटकी किंवा हरभऱ्याची उसळ असावी. उसळीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की तेच लोह वाया जाते. चहा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. एक तासाने घ्या.

रेशनच्या तांदळातले वेगळे दाणे

"रेशनमध्ये प्लास्टिकचा तांदूळ येतो, तो पाण्यावर तरंगतो," ही तक्रार वस्त्यांत फिरताना वारंवार ऐकू येते. काही घरांत हे दाणे निवडून फेकून देतात, काही जण तो तांदूळच विकून टाकतात. म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तो प्लास्टिक नव्हे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ मिसळून त्याचे तांदळाच्या आकाराचे दाणे करतात आणि साध्या तांदळाच्या दर शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. याला पोषणयुक्त किंवा फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. २०२४ पर्यंत देशभर रेशनवर हाच तांदूळ देण्यास सुरुवात झाली. हे दाणे रंगाने आणि वजनाने थोडे वेगळे असल्यामुळे ओळखू येतात. ते निवडू नका. तांदूळ फार चोळून धुऊ नका आणि भात बेताच्या पाण्यात शिजवा. पेज काढायचीच असेल तर ती फेकू नका, प्या.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या या तांदळाने रक्तक्षय बरा होत नाही. दवाखान्याने दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आहेत. आणि घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, तर त्याने हा तांदूळ खाण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. विदर्भातून शहरांत आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत.

दुकानामागे पाच जणी

आता काम कसे उभारायचे ते पाहू. यासाठी नवी संस्था लागत नाही, नोंदणी लागत नाही, वर्गणीही लागत नाही. विहारात किंवा समाजमंदिरात महिला मंडळाची जी बैठक होते, तीच पुरे.

एका रेशन दुकानामागे पाच जणी निवडा. त्यांत एक चांगले लिहिणारी असावी, एक मोबाइल हाताळणारी मुलगी असावी, आणि एक तरी अशी म्हातारी असावी जिचे दुकानदारही ऐकतो. पाचही जणी एकाच गल्लीतल्या नकोत.

एक वही घाला. तीत दर महिन्याला पाच गोष्टी लिहा : धान्य दुकानात कोणत्या तारखेला आले, दुकान किती दिवस उघडे होते, गहू-तांदूळ कसा होता, कोणाला किती कमी मिळाले, आणि कोणाला हात हलवत परत पाठवले. नावापुढे तारीख हवीच. तारीख नसलेल्या तक्रारीला कार्यालयात कोणी विचारत नाही.

फलक पाहा. दुकानात शिल्लक साठा, प्रत्येक कार्डामागचे प्रमाण, दुकानाची वेळ आणि तक्रारीसाठीचा क्रमांक लिहिलेला असला पाहिजे. नसेल तर आधी तोंडी, मग लेखी मागणी करा.

पावती घ्या. अंगठा लावला की ई-पॉस यंत्रातून पावती निघते. तिच्यावर जितके किलो छापले तितके पिशवीत आले पाहिजे. पावतीवर २५ आणि पिशवीत २२, असे झाले तर फरकाचे तीन किलो आपल्या नावावर उचलले गेले, हे समजून घ्या. पावती फेकू नका, वहीत चिकटवा.

अंगठ्याची अडचण समजून घ्या. भांडी घासून, विटा उचलून, म्हातारपणाने बोटांच्या रेघा पुसट होतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. एवढ्या कारणाने कोणालाही धान्य नाकारता येत नाही. आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. घरातील दुसऱ्या माणसाचा अंगठा, मोबाइलवर येणारा ओटीपी असे मार्ग काढता येतात. मात्र घरातील सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे ना, हे गटाने घरोघर विचारून घ्यावे. पुष्कळांना नाव बंद झाल्याचे रांगेत उभे राहिल्यावरच कळते.

तक्रार गटाने करा. आधी दुकानदाराशी बोला. तोही अनेकदा अडचणीत असतो. गोदामातून पोतेच कमी वजनाचे येते, कमिशन उशिरा मिळते. तो नीट वागत असेल तर गटाने त्याच्या बाजूने उभे राहून गोदामाची तक्रार करावी. तो ऐकत नसेल तर दुकानातील तक्रार वहीत लिहा, १९६७ या क्रमांकावर फोन करा, आणि पाचही जणींच्या सह्यांचा अर्ज द्या. मुंबईत हा अर्ज आपल्या भागाच्या शिधावाटप अधिकाऱ्याकडे, त्यावर उपनियंत्रक आणि नियंत्रकाकडे जातो. इतर ठिकाणी तहसील कार्यालयाचा पुरवठा विभाग, अन्नधान्य वितरण अधिकारी किंवा जिल्हा पुरवठा अधिकारी असतात. कायद्याने जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि राज्याला अन्न आयोगही दिलेला आहे. प्रत्येक अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि तिच्यावर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही, असे समजतात.

आणि कार्यालयात गेल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : "आमच्या भागाच्या दक्षता समितीवर कोण आहे? त्यात वस्तीतली बाई किती? अनुसूचित जातीचे किती?" हा प्रश्न विचारणाऱ्या बायका फार थोड्या असतात, म्हणूनच समितीवर नावे भलत्यांचीच लागतात.

ज्यांच्याकडे कार्डच नाही

रांगेत उभ्या असलेल्यांचा प्रश्न गट सोडवू शकतो. पण रांगेतच नसलेल्यांचे काय? कोविडच्या टाळेबंदीत हे उघडे पडले. कार्डवाल्यांच्या घरी धान्य आले, बिनकार्डाच्या घरांना वाटल्या जाणाऱ्या खिचडीची वाट पाहावी लागली.

कायद्याने महाराष्ट्राच्या शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकांना धान्य देण्याचे ठरवले. हा हिशेब २०११ च्या जनगणनेवर झाला. त्यानंतर वस्त्या वाढल्या, पोरे जन्मली, गावाकडून माणसे आली. आकडा मात्र तिथेच आहे. यालाच कार्यालयात इष्टांक म्हणतात. "इष्टांक संपला" असे उत्तर मिळते ते यामुळे. शिवाय शहरातील प्राधान्य कुटुंबासाठी कायदा आला तेव्हा वर्षाला ५९ हजार रुपये ही उत्पन्नाची मर्यादा ठरवली गेली. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. मुंबईत चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा यात बसताना अडचणीत येते. इष्टांक आणि ही मर्यादा वाढवा, ही मागणी निवडणुकीपुरती नव्हे, तर दर बैठकीत झाली पाहिजे आणि प्रत्येक नगरसेवकाच्या, आमदाराच्या हातात लेखी गेली पाहिजे.

तोवर हात बांधून बसायचे नाही. "इष्टांक संपला" म्हणून परत येऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे कमी होतात तेव्हा जागा होते, आणि ती लेखी अर्ज असलेल्यालाच मागता येते. गटाने वस्तीची यादी करावी : कार्ड नसलेली घरे, कार्डात नाव नसलेली बाळे, माहेरच्या कार्डातून नाव कमी करून सासरी न लागलेल्या सुना, आणि वेगळ्या राहणाऱ्या विधवा व परित्यक्ता. अशा बायकांना धान्याची गरज सर्वांत जास्त असते आणि कागद सर्वांत कमी असतात.

गावी कार्ड आहे म्हणून इथे उपाशी राहणाऱ्यांसाठी 'एक देश एक रेशन कार्ड' ही सोय आहे. अन्न सुरक्षेत नाव असलेल्या गावच्या कार्डावर इथल्या कोणत्याही रेशन दुकानात धान्य घेता येते. अर्धे कुटुंब गावी असेल तर त्यांनी आपला वाटा तिथे घ्यावा, इथल्यांनी इथे. ही गोष्ट मराठवाडा-विदर्भातून आलेल्या नव्या कुटुंबांना आवर्जून सांगा.

डाळ एकत्र आणा

रेशनमध्ये धान्य येते, प्रथिने विकतच घ्यावी लागतात. आणि गरीब माणूस ती सर्वांत महाग भावाने घेतो. पाव किलो डाळ, दहा रुपयांचे तेल, दोन अंडी, असे रोजच्या मजुरीतून आणतो. उधारी असेल तर वाणी सांगेल तो भाव आणि देईल तो माल.

इथे अन्नपूर्णाच्या बायकांचा हिशेब कामाला येतो. आपल्या वस्त्यांत भिशी चालतेच. तशीच डाळीची भिशी करा. दहा घरांनी महिन्याला तीन-तीन किलो डाळ-कडधान्य ठरवले तर ३० किलोचा एक कट्टा होतो. मुंबईत वाशीच्या दाणाबंदरातून किंवा जवळच्या घाऊक दुकानातून तो एकदम आणता येतो. नियम सोपे ठेवा. पैसे आधी, माल नंतर. उधारी नाही. खरेदीला दोघी जातील, दर महिन्याला वेगळ्या. पावती सगळ्यांना दाखवायची. वाटप वजनकाट्यावर सगळ्यांसमोर करायचे. पहिल्या महिन्यात तूर आणि मटकी एवढेच आणा, नीट जमले की शेंगदाणे आणि सोयाबीन वाढवा. वाचलेल्या पैशांतून मुलांसाठी अंडी आणायची, हे आधीच ठरवून टाका. नाहीतर वाचलेला पैसा भलतीकडे जातो.

अंगणवाडी आणि शाळा

मुलांचे अन्नही याच कायद्यात येते. २०१३ मध्ये कायदा झाला तेव्हा सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देण्याचे ठरले होते. कुपोषित मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. गरोदर आणि बाळंतिणीला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे जेवण मिळाले पाहिजे. २०२३ च्या अखेरीस राज्याने शाळेच्या जेवणात अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. ज्या घरात अंडे परवडत नाही त्याच घरच्या मुलाच्या ताटातून ते गेले. पालकसभेत हा विषय काढा. महिन्यातून एकदा गटातील दोघींनी अंगणवाडीत जाऊन खिचडीची चव पाहावी आणि मुलांच्या वजनाचा तक्ता पाहावा. अंगणवाडी सेविका आपल्यातलीच कष्टकरी बाई असते. तिच्यावर डाफरू नका, तिच्या बाजूने मागणी करा.

या महिन्याचे काम

हा पाठ वाचून घडी घालून ठेवण्यासाठी नाही. येत्या बैठकीत तो मोठ्याने वाचा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे सगळ्यांनी मिळून काढा.

१. आपल्या कार्डावर किती नावे आहेत, कुटुंबप्रमुख कोण, आणि महिन्याला किती किलो मिळायला हवे?
२. मागच्या महिन्यात पावतीवर किती होते आणि घरी किती आले?
३. आपल्या गल्लीत कार्ड नसलेली घरे कोणती? त्यांचा अर्ज कोण भरून देणार?
४. आपल्या घरी महिन्याला किती किलो डाळ लागते आणि किती आणली जाते?
५. आपल्या दुकानामागच्या पाच जणी कोण?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर बैठक उठण्याआधी मिळाले पाहिजे. पाच नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, खाली तारीख घाला, आणि पुढच्या वेळी धान्य येईल त्या दिवशी ती वही घेऊन दुकानासमोर जा.